अहवाल वाचला असे समजावे

*काकू, नमस्कार. मी २७ वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर ऑपरेटर, राहायला वडगावात. दोन वर्षं एका लहानशा क्रिप्टो नाण्याच्या टेलिग्राम ग्रुपात होतो. चार हजार माणसं. सकाळी उठून आधी तिथं 'जीएम' टाकायचो, मग दात घासायचो. बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर एकटा बसलो होतो, तर नागपूरचा एक आणि कोइमतूरचा एक, दोघं पहाटेपर्यंत माझ्याशी बोलत होते. माझे १ लाख ६० हजार त्यात आहेत आणि नाणं ८० टक्के पडलंय. नाणं काढणाऱ्या टीमच्या वॉलेटमधून नाणी एक्स्चेंजकडं, म्हणजे विकायच्या बाजारात, जाताहेत हे मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिसलं होतं. संक्रांतीनंतर धीर करून ग्रुपात विचारलं, "ही नाणी कुठं चालली?" पाच मिनिटांत "फड पसरवतोय", "पेपर हँड", "गरीबच राहा" असं सुरू झालं. ॲडमिननं तीन दिवस तोंड बंद केलं, मग काढूनच टाकलं. (पेपर हँड मीही एकदोघांना म्हटलंय, पण गमतीत.) निपाणीचा मावसभाऊ अजून त्या ग्रुपात आहे. त्याला मीच आणलं होतं, पण तो वेगळा विषय. त्याचे ७० हजार आहेत, त्यातले २० त्यानं नाताळच्या सुमारास घातले. मला काढलं तेव्हा तो एक अक्षर बोलला नाही. इथं उगीच प्रश्न विचारायचे नाहीत हे मीच त्याला सांगितलेलं, पण मला काढत असतानाही गप्प? माझं चुकलं का? दुसऱ्या नंबरवरून आत जाऊन माफी मागू का? या क्रिप्टोवाल्यांत समजूतदार माणसांचा गोतावळा कुठं असतो तरी का? घरी कुणाला माहीत नाही. झोप लागत नाही. — एक होडलर, वडगाव*

बाळा,

तुझं पत्र आलं आणि मी पहिल्यांदा पुतण्याला फोन लावला, कारण निम्मे शब्द मला कळले नव्हते. 'फड' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं उसाचा फड येतो. दिवाळीनंतर संकेश्वर-चिकोडीकडं टोळ्या उतरतात तो. फार तर तमाशाचा. पुतण्या हसला. म्हणाला, काकू, भीती, अनिश्चितता आणि शंका या तीन इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं घेऊन हा शब्द केलाय. जो शंका काढतो तो फडर. घाबरून विकतो तो पेपर हँड, आणि 'जीएम' म्हणजे गुड मॉर्निंग. म्हटलं, होय की, आमच्या सोसायटीत याला 'अफवा पसरवणे' म्हणायचे. शब्द नवा, काम जुनंच.

तर आधी तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं. तुझं चुकलं नाही, निदान त्या प्रश्नात तरी नाही. आणि दुसऱ्या नंबरवरून आत जाऊ नको. तिसरं उत्तर मोठं आहे. आणि तू न विचारलेली एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगते. तुला आवडणार नाही.

मी शहापुरात एका पतसंस्थेत कारकून होते, मग हिशेबनीस झाले. नाव सांगत नाही, ती संस्था आता नाही आणि तिच्या संचालकांची नातवंडं याच गावात राहतात. ठेवीदार बहुतेक मागावरचे, खासबाग-वडगावकडचे. रोज संध्याकाळी पिग्मीवाला गल्लीतून फिरायचा, कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी दहा. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. तू कधी गेला नसशील, तेव्हा तिथं कसं चालतं ते ऐक. चेअरमन उठतात, छापील अहवालाची प्रत हातात धरतात आणि म्हणतात, "अहवाल वाचला असे समजावे." समोरून चार ठरलेले आवाज येतात, "मंजूर, मंजूर." मग पोहे.

एका वर्षी एक विणकर बाई उभी राहिली. साठी ओलांडलेली, नऊवारी, हातात अहवाल उलटा धरलेला. वाचता येत नव्हतं तिला. पण तिनं विचारलं, "थकलेलं कर्ज गेल्या साली एवढं होतं असं माझा नातू सांगतो, ह्या साली दुप्पट कसं झालं?" सभागृहात हशा पिकला. चेअरमन म्हणाले, "आजी, तुम्ही पोहे घ्या." कुणीतरी मागून ओरडलं, "विरोधकांनी पाठवलीया." आणि ती खाली बसली. चौदा महिन्यांनी संस्थेच्या शटरवर नोटीस लागली.

त्या हशात मीही होते. मला आकडा माहीत होता. मी तोच आकडा टाइप केला होता.

हे सांगायचं कारण असं की, तुझ्या ग्रुपात जे झालं त्यात मला नवं फारसं काही दिसलं नाही, एक गोष्ट सोडून. आमच्या संस्थेत ठेवीदार बाईच्या शंकेनं बाकीच्या ठेवीदारांचं भलंच होणार होतं. वेळेत ऐकलं असतं तर निम्मे पैसे तरी वाचले असते. भिशीतही तसंच. भिशीवाली वहिनी चिठ्ठ्या काढताना कुणी "एकदा मोजून दाखवा की" म्हणालं तर कुणाचं नुकसान होत नाही, उलट बाकीच्यांना मनातून बरंच वाटतं. तुझ्या नाण्याचं उलटं आहे. ते नाणं काही पिकवत नाही, व्याज देत नाही. उद्या कुणी जास्त भाव देऊन घेतलं तरच आजच्याला फायदा. म्हणजे तू मोठ्यानं शंका काढलीस की आत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशातून तेवढे पैसे गेल्यासारखं त्याला वाटतं. म्हणून नागपूर काय, कोइमतूर काय, चांगली माणसंसुद्धा तिथं चेअरमनसारखी बोलायला लागतात. माणसं वाईट म्हणून नव्हे, प्रत्येकाचं घर त्याच एका भिंतीला टेकलेलं म्हणून.

आणि यातली गंमत बघ. मुळात ही सगळी कल्पना निघाली ती कुणावर विश्वास ठेवायला लागू नये म्हणून. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो असं नाव घेतलेल्या कुणीतरी बिटकॉइनचा नऊ पानी आराखडा एका ईमेल यादीवर टाकला. नाव खरं की खोटं हे आजही कुणाला ठाऊक नाही. हिशेबाची वही सगळ्यांपुढं उघडी, कुणीही बघावी, कुणीही जुळवावी. 'विश्वास ठेवू नका, पडताळा' हे त्या लोकांचं आवडतं वाक्य. तू तेच केलंस. वही उघडी होती, तू पानं उलटलीस, नाणी कुठं चालली विचारलंस. आणि उघड्या वहीवरच्या त्या ग्रुपानं तुला काय सांगितलं? अहवाल वाचला असे समजावे.

त्या ईमेल यादीवर सातोशीला पहिलं उत्तर काय आलं, माहीत आहे? शाबासकी नव्हे. दोनच दिवसांत एकानं लिहिलं की अशी व्यवस्था फार हवी आहे, पण ही लागेल तेवढी मोठी होईल असं मला दिसत नाही. आजच्या भाषेत पहिल्याच उत्तरातला फड! सातोशीनं त्याला ब्लॉक केलं नाही. किती व्यवहार, किती डेटा, इंटरनेटचा वेग किती वाढेल, असे आकडे मांडून उत्तर दिलं. शंका पुरती फिटली नाहीच. पुढं २०१५ ते २०१७ त्याच मुद्द्यावर, म्हणजे एका ब्लॉकमध्ये, त्या वहीच्या एका पानावर म्हण, किती व्यवहार बसवायचे यावर, बिटकॉइनवाल्यांत अशी भांडणं झाली की आपल्याकडच्या ग्रामपंचायती सोज्वळ वाटाव्यात. एकमेकांच्या पोस्टी काढणं, शिव्या, गद्दार ठरवणं, सगळं झालं. शेवटी १ ऑगस्ट २०१७ ला एक गट बाहेर पडला आणि बिटकॉइन कॅश नावाचं वेगळं नाणं सुरू झालं.

आता मला आवडलेली गोष्ट त्याच्या पुढची आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये एक भयंकर चूक सापडली. ती वापरून कुणी नियमाबाहेरची नाणी काढू शकला असता, म्हणजे २ कोटी १० लाखांची जी मर्यादा हे लोक वेदवाक्यासारखी सांगतात तिलाच सुरुंग. ही चूक कळवली कुणी? त्या फुटून गेलेल्या गटाच्या एका प्रोग्रॅमरनं. वर्षभरापूर्वी ज्यांनी शिव्या घातल्या त्यांना गुपचूप कळवली, बाजारात बोंब मारून भाव पाडला नाही. आणि इकडच्यांनी "तू विरोधकांचा" म्हणून हाकलला नाही, एका दिवसात दुरुस्त आवृत्ती बाहेर काढली.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी या प्रसंगात शोधते. समजूतदार माणसं आहेत, पण ती भावाच्या ग्रुपात सापडत नाहीत. जिथं चूक शोधणं हेच काम आहे, तिथं शंका काढणाऱ्याला मान मिळतो. प्रोग्रॅमर लोक एकमेकांच्या ओळी तपासतात, 'हे चुकीचं आहे' असं लिहितात आणि ज्याची चूक काढली तो आभार मानतो. कधी दात ओठ खाऊन, पण मानतो. तू सीएनसीवर आहेस ना? तुमच्या शॉपमध्ये क्वालिटीवाला मायक्रोमीटर लावून जॉब रिजेक्ट करतो, तेव्हा तू त्याला पेपर हँड म्हणतोस का? मनात म्हणत असशील. पण पुण्याला पाठवलेला माल परत आला नाही म्हणजे तो माणूस कामाचा, हे तुला कळतं. तशी माणसं जिथं असतील तिथं जा, नाणं न घेताही जाता येतं. आणि जिथं सकाळी जीएम, दुपारी रॉकेट आणि रात्री 'कधी लॅम्बो' (म्हणे महागडी गाडी कधी घ्यायची) एवढंच चालतं, तिथं चार हजार माणसं असली तरी ती सभा आहे, पोह्याची वाट बघणारी.

तुझ्या सहीबद्दलही बोलायचंय. 'होडलर'. या शब्दाचा जन्म तुला माहीत असेल असं मला वाटलं होतं, पण पत्रावरून वाटतं नसावा. १८ डिसेंबर २०१३. भाव कोसळलेला, आणि एक गडी व्हिस्की पिऊन बिटकॉइनच्या चर्चेत लिहायला बसला. 'होल्ड' लिहायचं ते 'होडल' झालं, आणि चूक कळूनही त्यानं ती तशीच ठेवली. पुढं काय लिहिलंय ते महत्त्वाचं: मला ट्रेडिंग जमत नाही, कधी विकायचं कधी घ्यायचं हे मला कळत नाही, म्हणून मी नुसता धरून बसतो. एका माणसानं स्वतःचं अडाणीपण मोकळेपणानं कबूल केलेली ती पोस्ट. तिचं पुढं झालं काय, तर शौर्याची घोषणा. जो विकेल तो भित्रा, जो धरेल तो हिऱ्याच्या हातांचा. तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी तुला चार पैसे लागले असते तर तू विकलं असतंस का, की लोक काय म्हणतील म्हणून धरून बसला असतास? याचं उत्तर मला नको, स्वतःला दे.

'गरीबच राहा' म्हणणाऱ्यांबद्दल. २०२१ मध्ये टेरा-लूना नावाच्या नाण्याच्या संस्थापकाला एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी शंका विचारली होती, तर ट्विटरवर त्यानं उत्तर दिलं की मी गरिबांशी वाद घालत नाही. त्याचे भक्त काय खूश झाले! स्वतःला वेडे म्हणवून घेण्यातच त्यांना अभिमान होता. मे २०२२ मध्ये आठवडाभरात ते सगळं कोसळलं, जवळपास चार हजार कोटी डॉलर गेले, आणि २०२५ मध्ये त्या गृहस्थानं न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या मे महिन्यात त्या नाण्याच्या रेडिटवरच्या चर्चेत सगळ्यात वर आत्महत्या रोखण्याच्या हेल्पलाइनचे नंबर लावले होते. तेही त्याच गर्दीतल्या कुणीतरी लावले. म्हणजे कालपर्यंत जे चंद्रावर निघाले होते, त्यांच्यातलाच कुणीतरी भानावर आला आणि शेजाऱ्याचा हात धरायला धावला. म्हणून मी सगळ्यांना एका फडक्यात बांधत नाही.

(लांबचं कशाला, आपल्या भाषेतल्या लोकांनीही चटके खाल्लेत. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेवाल्यानं १८ महिने दरमहा १० टक्के देतो म्हणून लोकांकडून बिटकॉइन गोळा केले, पुण्या-नांदेडपर्यंत गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये सूत्रधार अमित भारद्वाजला अटक झाली. त्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन जाणकारांनाच पुढं २०२२ मध्ये जप्त नाणी वळवल्याच्या आरोपावरून पकडलं. यावर मी काय बोलू.)

आता त्या बाकड्यावरच्या रात्रीबद्दल. ती रात्र खोटी होती असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर ऐकू नको. पहाटेपर्यंत जागून एका अनोळखी पोराशी बोलणारा माणूस भाव वाढावा म्हणून जागत नाही. तुला जास्त दुखलंय ते हे, पैशापेक्षा. पत्रात पैशाला तू एक ओळ दिलीस आणि त्या दोघांना दोन. तर दोघांना वेगवेगळा निरोप पाठव. नाण्याचा विषय न काढता. 'बाबा आता बरे आहेत, सकाळी फिरायला जातात' एवढाच. जो विचारेल, गोळ्या वेळेवर घेतात का, तो तुझा मित्र. जो म्हणेल, 'भाऊ, ॲडमिनला सॉरी म्हण', तो ग्रुपाचा मित्र, आणि त्याच्यावरही राग धरू नको, त्याचंही घर त्या भिंतीला टेकलंय.

व्यवहाराचं थोडं. नाणं विकायचं की ठेवायचं हे मी सांगणार नाही, मला त्यातलं कळत नाही आणि ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांचं काय झालं ते तू बघतोयस. पण नियम माहीत असू दे: १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षावरही नेता येत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलंस तरी तो व्यवहारच. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापतात, तो विवरणपत्रात मागून घेता येतो. कागद नीट लावून टिळकवाडीत किंवा कुठंही एखाद्या सीएकडं एकदा जाऊन ये.

तुला काढल्यापासून इनबॉक्समध्ये कुणी 'बुडालेले पैसे काढून देतो' म्हणून आलं असेल. आलं नसेल तर येईल. हरलेल्यांची नावं अशा बाजारात फिरतात. वॉलेटचं कुलूप उघडणारे ते बारा किंवा चोवीस शब्द कुणालाही द्यायचे नाहीत, सज्जनाला तर मुळीच नाही. टीमनं ठरवून फसवलंय असं वाटत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदव आणि सायबर पोलिसांकडं जा. पैसे परत येतील या आशेनं जाऊ नको, नोंद व्हावी म्हणून जा. त्यासाठी ग्रुपातले जुने मेसेज लागतील. तुझ्याकडं ते आता नाहीत. मावसभावाकडं आहेत.

झोपेचं: टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, कन्नडमध्येही. आधी तिथं बोल, मग आईशी. बाबांना नंतर. माझा अंदाज आहे की आईला निम्मं कळलेलंच आहे. पगार झाल्यावर पोरगा आठवड्यात उसने मागतो तेव्हा कुठल्या आईला कळत नाही?

आता मघाशी म्हटलं ते. तू लिहिलंस, 'तो वेगळा विषय'. नाही रे. सगळ्या पत्रात तोच विषय आहे. तू त्याला आणलंस, ठीक. घरातला माणूस घरातल्याचं ऐकतो, म्हणून तर असले ग्रुप गल्लीपर्यंत पोचतात; ग्रुपाचा ॲडमिन निपाणीत कुणाला ओळखतो? निपाणीला तूच ॲडमिन होतास. तू त्याला सांगितलंस, प्रश्न विचारायचे नाहीत. त्यानं ऐकलं. तुला काढलं तेव्हाही त्यानं तुझंच ऐकलं. आता त्याच्यावर रुसून बसला आहेस! आणि ज्या एकदोघांना तू गमतीत पेपर हँड म्हणालास, त्यांनी त्या रात्री काय केलं असेल, विकलेलं परत घेतलं असेल का, हे आता तुला कधी कळणार नाही. माझ्या त्या विणकर बाईचंही मला कळलं नाही. पुढं चारपाच वर्षांनी मंगाई यात्रेत दिसली होती, मी गर्दीत वळून दुसऱ्या बाजूला गेले.

पण मावसभाऊ दुसऱ्या बाजूला जाण्याएवढा लांब नाही. निपाणी किती, दीड तास. रविवारी सुट्टी असेल तुला. फोनवर नको, जा. मावशी जेवायला वाढेल, जेव. मग दोघं बाहेर पडा, बाजूच्या वखारीच्या कट्ट्यावर बसा, तंबाखूचा वास असला तरी तिथं कुणी कान देणारं नसतं. माफी मागायच्या आधी वही उघड. तुझे किती, त्याचे किती, कुठल्या तारखेला घातले. तो शिव्या देईल, देऊ दे. तो गप्प बसेल हे जास्त शक्य आहे, कारण तूच शिकवलंयस, तेव्हा त्याला तूच म्हण, विचार.

तो एक प्रश्न विचारेलच: तुला कधी कळलं होतं? संक्रांतीनंतर म्हणालास तर ते खपून जाईल, ग्रुपात सगळ्यांनी तेवढंच पाहिलंय. पण त्यानं शेवटचे २० हजार नाताळात घातले. त्याला डिसेंबरचा पहिला आठवडा सांग.

— काकू